मोगरा संघाची दिशाचाचणी

"तिसऱ्यांदा तेच झाड," मुस्कान मुजावर म्हणाली आणि नोंदवहीत लिहू लागली. "वेळ दहा चाळीस. झाड जांभूळ, खुरटं. खूण, युरियाची पांढरी पिशवी अडकलेली."

"तेच कशावरून?" संयोगिता खामकरनं विचारलं. "युरियाची पिशवी काय जगात एकच आहे?"

"पिशवीत माझ्या चिक्कीचा कागद आहे. मगाशी मीच टाकला."

"सड्यावर कचरा टाकलास?"

"सड्यावर नाही. पिशवीत."

संयोगितानं पिशवीत हात घालून कागद बाहेर काढला, वास घेतला आणि खिशात ठेवला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलं मागे उभी होते आणि धुक्याकडे बघत असल्याचं दाखवत होते.

मला बोलायची परवानगी नव्हती. गाईडच्या तृतीय सोपानाच्या पुस्तिकेत दिशाचाचणीचा नियम स्पष्ट होता. संघानं होकायंत्राच्या आधारे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायचं, वाटेत पाच वनस्पती आणि एक स्थानिक लोककथा नोंदवायची. कॅप्टननं निरीक्षक म्हणून दहा पावलं मागून चालायचं. तिनं मार्गाबद्दल शब्दानं किंवा खुणेनं मदत केली, किंवा मुलींनी कुणाला रस्ता विचारला, तर चाचणी रद्द.

त्या वर्षी मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन पाटफळ्याच्या शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले होते, आणि सगळ्यांत नवी असल्यामुळे गाईड कॅप्टनही झाले होते. मोगरा संघात आठ मुली. संयोगिता संघनायिका. होकायंत्र पल्लवी कांबळेच्या गळ्यात आणि नोंदवही मुस्कानच्या हातात. संयोगिता आणि पल्लवी दहावीत होत्या, म्हणजे त्यांची ही शेवटची संधी होती. पास झाल्या तर डिसेंबरमध्ये नाशिकला राज्य मेळावा. पल्लवीनं आगगाडी अजून पाहिली नव्हती, पण खिडकीजवळची जागा तिनं गल्लीत जाहीर करून टाकली होती.

चाचणी तशी सोपी होती. पाटफळ्याच्या शाळेपासून सड्यावरून, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ पठारावरून, सरळ साठ अंशांवर चालायचं, की साडेतीन किलोमीटरवर मुरडी गावची पाण्याची टाकी. स्वच्छ हवेत ती टाकी शाळेच्या पायरीवरून दिसते. पण गणपती होऊन आठवडा झाला होता आणि सकाळपासून सड्यावर असं धुकं बसलं होतं की पुढच्या मुलीची वेणी दिसली तरी नशीब. नऊला निघालो होतो. बाराच्या आत पोचायचं होतं.

"पल्लवी, साठ अंश आहे ना?"

"बरोब्बर साठ. सकाळपासून सुई हललेली नाही. मैदानावर कशी थरथरायची, आज एकदम शहाण्यासारखी आहे."

"मग आपण गोल कशा फिरतोय?"

"आपण सरळच चाललोय. झाड फिरतंय," पल्लवी म्हणाली. तिला ते पटलेलंही दिसत होतं.

त्या चौथ्यांदा निघणार इतक्यात धुक्यातून एक म्हैस आली. मग दुसरी. मग पाच-सहा, आणि त्यांच्यामागे डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला एक माणूस. तो आमच्याकडे बघत थांबला. मुस्कान लिहू लागली, "दहा सेहेचाळीस. म्हशी."

"काय वो बाई," तो मला म्हणाला, "शाळा हितं भरीवलीया काय?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"मुक्या हायती व्हय?" त्यानं मुलींना विचारलं.

"नाही. मॅडमना बोलायला बंदी आहे," संयोगिता म्हणाली. "मी संघनायिका संयोगिता खामकर. तुमचं नाव काय, काका?"

"बिरू झोरे. तिकडं धनगरवाड्यावर असतो. कितवी फेरी चाललीया?"

"तिसरी झाली."

"मग ठीक हाय. पाचव्याला घाबराय होतंय. आमचा दाजी अकरा मारून आला." तो जांभळाखालच्या दगडावर बसला. "चकवा लागलाय तुमास्नी."

मुलींमध्ये कुजबूज झाली. पल्लवी पुढे सरकली. "काका, मग टाकी कुठल्या..."

"पल्लवी!" संयोगितानं तिचं तोंड हातानं बंद केलं. "रस्ता विचारायचा नाही." मग तिनं आवाज बदलला, अगदी सत्कार समारंभाला बोलतात तसा. "काका, आम्हाला एक स्थानिक लोककथा नोंदवायची आहे. चकव्याची माहिती सांगाल का? मुस्कान, नवीन पान काढ."

मी खोकले.

"मॅडम, रस्ता नाही विचारला," ती मागे न बघता म्हणाली. "लोककथा विचारली. पान अकरा, मुद्दा क."

पुस्तिका तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

बिरू खुशीत आला. त्यानं घोंगडी मागे सारली आणि गावातल्या कामचुकार तलाठ्याबद्दल बोलावं तसं चकव्याबद्दल बोलू लागला. "चकवा तसा वंगाळ न्हाई. मारत न्हाई, धरत न्हाई. निस्तं फिरीवतोय. त्येला एकटं करमत न्हाई सड्यावर."

"कसा दिसतो?" मुस्काननं विचारलं.

"दिसला तर त्यो चकवा कसला?"

"मग ओळखायचं कसं?"

"फिराय लागलं की वळखायचं."

मुस्काननं दोन्ही वाक्यं लिहिली आणि खाली रेघ मारली. "म्हशींना लागतो का?"

"न्हाई."

"का?"

"त्यास्नी कपडं हायती का?"

सगळ्यांनी आपापल्या कपड्यांकडे पाहिलं. मीसुद्धा.

"कपड्यांचा काय संबंध?" संयोगितानं विचारलं.

"आता घ्या! चकवा कापडावरनं वळखतोय माणसाला. म्हून कापडं उलटी घालायची. शिवण भाईर, सुलटी बाजू आत. मग त्येला वाटतंय, ही ती न्हवंतच. देतोय सोडून." मग त्यानं संयोगिताच्या छातीवरच्या नावपट्टीकडे बोट केलं. "आणि ह्ये काय डकवलंय? नाव?"

"हो. संघनायिकेचं आणि सगळ्यांचंच."

"काढा, काढा! चकवा नावानं हाक मारतोय. तुमी नाव लिवूनच हिंडतायसा."

"त्याला वाचता येतं?" पल्लवीनं विचारलं.

"येत नव्हतं. आता वाड्यावर शाळा झालीया."

"वाचता येण्याबद्दल खात्री नाही," मुस्कान लिहिता लिहिता पुटपुटली.

संयोगितानं घड्याळ बघितलं. दहा अठ्ठावन्न. तिनं सगळ्यांना जवळ घेतलं आणि मतदान घेतलं. आठ हात वर झाले. मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुम्हीपण."

मी मान हलवली. मी निरीक्षक होते. शिवाय मी भौतिकशास्त्राची पदवीधर होते, हे मानेच्या हालचालीतून जितकं सांगता येईल तितकं सांगितलं.

"काका, निरीक्षक सुलटा राहिला तर चालतो का?"

बिरूनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "एक जरी सुलटा ऱ्हायला, तरी चकवा त्येच्या मागनं चालत येतोय."

नऊ माणसं माझ्याकडे बघत होती. मी त्यांना समजावू शकत नव्हते, कारण बोलायला बंदी होती. आणि खरं सांगायचं तर समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तासाभरात मी मनातल्या मनात चार कारणं मांडून खोडली होती. खडकातलं लोखंड म्हणावं, तर जून महिन्यात मी याच सड्यावर होकायंत्र घेऊन हिंडले होते आणि ते चोख चाललं होतं. उत्तरेला दोन किलोमीटरवर कडा होता. तिकडचा वारा लागला की नियम गुंडाळून शिटी फुंकायची, एवढंच मी ठरवलं होतं.

बिरू म्हशी घेऊन धुक्यात गेला. मुलींनी ओढण्या एकमेकींना गाठी मारून जोडल्या, जांभळाला बांधून आडोसा केला, आणि पाच मिनिटांत मोगरा संघ उलटा झाला. आकाशी कमिजांच्या शिवणी बाहेर आल्या, खिसे कानांसारखे लोंबू लागले, स्कार्फचा वळसासुद्धा उलटा. नावपट्ट्या चिवड्याच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या आणि तो डबा सगळ्यांत मागच्या मुलीच्या पिशवीत गेला.

शेवटी मीही आडोशाआड गेले. कमीज उलटी करताना मी मनात काय म्हणत होते ते सांगते. मी म्हणत होते, लागू पडू दे.

अकरा अकराला आम्ही निघालो.

"संयोगिता, सुई थरथरायला लागली गं," पल्लवीनं तक्रार केली. "आणि ती भलतीकडंच दाखवतेय. साठ अंश मागं आलेत."

"मग मागं वळ. आता चकवा नाही तिच्यावर."

पंचेचाळीस मिनिटांनी धुक्यात समोर काहीतरी मोठं, राखाडी आणि गोल उभं राहिलं. पल्लवी त्यावर अक्षरशः आदळली. ती मुरडीची टाकी होती.

टाकीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर आवटी सर बसले होते. सर निवृत्त मुख्याध्यापक. जिल्ह्यातल्या सगळ्या चाचण्या तेच घेत. मांडीवर तपासणीचा तक्ता, खिशाला तीन पेनं. त्यांनी घड्याळात पाहून 'अकरा छप्पन्न' लिहिलं आणि मान वर केली. मग बराच वेळ ती तशीच ठेवली.

मुलींनी एका रांगेत सॅल्यूट ठोकला. आठ लोंबते खिसे एकदम हलले.

"हे काय?"

"सर, चकव्यावरचा उपाय," संयोगिता म्हणाली. "लोककथा पान नऊवर आहे."

सरांनी नोंदवही घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचली. म्हशींपाशी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीसुद्धा?"

"एक जरी सुलटा राहिला तरी..." मी म्हणाले आणि थांबले.

"हां. ते बरोबर आहे," सर म्हणाले.

त्यांनी तक्त्यावर पेन टेकवलं. "गणवेश, दहा गुण. 'पूर्ण व नीटनेटका असावा.' पूर्ण आहे. नीटनेटका..." त्यांनी मुस्कानच्या बाहीची शिवण जवळून बघितली. "शिवण कुणाची?"

"आईची, सर."

"चांगली आहे. बाजू कुठली असावी, याबद्दल काही लिहिलेलं नाही." त्यांनी दहापैकी नऊ दिले. "आता दिशा. तीन वेळा भरकटलात, पण वेळेत आलात. भरकटण्याचं कारण लिहायचं आहे. दोनच रकाने आहेत. 'नैसर्गिक अडथळा' किंवा 'साधनातील दोष'. अडथळा पार केला तर दोन गुण जास्त. साधनात दोष असेल तर चाचणी रद्द, फेरचाचणी पुढच्या जूनमध्ये."

"चकवा नैसर्गिकमध्ये बसतो ना, सर?" पल्लवीनं विचारलं.

"माझ्या वडिलांना याच सड्यावर लागला होता. इमारतीत लागल्याचं कधी ऐकलं नाही. नैसर्गिकच म्हणावा लागेल."

मुली एकमेकींना चिमटे काढू लागल्या. मी टाकीमागे जाऊन कमीज सुलटी करून आले. मुलींना आता स्वतःच्या नावपट्ट्या लावायच्या होत्या. एकीनं डबा उघडून उपडा केला, पण पट्ट्या पडेनात. तिनं डबा आपटला, तरी त्या आतल्या पत्र्याला घट्ट चिकटून होत्या. पल्लवीनं मदतीला वाकताना गळ्यातलं होकायंत्र काढून डब्याशेजारी ठेवलं. सुई गर्रकन फिरली आणि डब्याकडे तोंड करून उभी राहिली. एकदम शहाण्यासारखी.

पट्ट्या मी आणल्या होत्या. आदल्या संध्याकाळीच कोल्हापूरहून आल्या होत्या. पिनेनं नव्या कमिजांना भोकं पडतात अशी आयांची तक्रार होती, म्हणून मी चुंबकाच्या मागवल्या. एक चुंबक कापडाच्या आत, पट्टी बाहेर. सकाळी त्या वाटताना वर्गात मी त्यांचं तत्त्वही समजावून सांगितलं होतं, फळ्यावर आकृती काढून.

पल्लवी होकायंत्र छातीशी धरत होती, नावपट्टीपासून चार बोटांवर. ती वळली की चुंबक वळे, आणि चुंबक वळला की सुई वळे. पल्लवी ज्या दिशेला तोंड करेल ती दिशा साठ अंश. सकाळभर मोगरा संघ पल्लवीच्या नाकामागून चालला होता.

सरांचं पेन 'नैसर्गिक' या शब्दावर टेकलेलं होतं. मी गप्प होते. किती वेळ, ते मला नेमकं सांगता येतं, कारण मी घड्याळाकडेच बघत होते. सत्तर सेकंद. पल्लवी कुणाला तरी सांगत होती की गाडीत रात्री झोपायला फळी असते.

"सर," मी म्हणाले, "तो रकाना नाही. दुसरा."

मी डबा आणि होकायंत्र घेऊन सगळं दाखवलं. पट्टी जवळ, सुई वळते. पट्टी लांब, सुई उत्तरेला. सरांनी स्वतः दोनदा करून बघितलं. मुस्काननं तीनदा. पल्लवीनं एकदाही नाही.

"पट्ट्या कुणी आणल्या?" सरांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही भौतिकशास्त्राच्या ना?"

"हो."

त्यांनी नैसर्गिकवरून पेन उचललं, दुसऱ्या रकान्यात खूण केली. "जून."

"जूनमध्ये आम्ही नसणार, सर," पल्लवी म्हणाली. बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या. संयोगिता बघत नव्हती. ती पुस्तिका चाळत होती.

"सर, फेरचाचणी जूनमध्येच असं नाही लिहिलेलं. पान चौदा. 'फेरचाचणी अन्य वेळी घ्यावी.'"

"बरं, मग?"

"दुपारी दोन ही अन्य वेळ आहे. सकाळी नऊ नाही."

सरांनी पान चौदा वाचलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "टाकीपासून शाळेपर्यंत. दोनशे चाळीस अंश. पाचच्या आत. मी मोटरसायकलनं रस्त्यानं जातो आणि शाळेच्या फाटकात बसतो. धुकं गेलेलं नाही, बघा."

"चालेल, सर."

डबे खाल्ले. मुली माझ्याकडे पाठ करून बसल्या, पण मुस्काननं भाकरी पुढे केली. मला आपली चूक भरून काढायची होती, आणि ती कशी काढायची ते मला अगदी स्पष्ट दिसत होतं. दोनला दहा मिनिटं असताना मी मुलींना म्हणाले, "आता पट्ट्या टाकीच्या वॉचमनकडे ठेवा आणि कपडे सुलटे करा."

"सुलटे?" संयोगितानं विचारलं.

"हो. चाचणी सुरू व्हायची आहे, म्हणजे मी बोलू शकते. सकाळी आपण एकदम दोन गोष्टी बदलल्या, पट्ट्याही काढल्या आणि कपडेही उलटे केले. म्हणून कशानं फरक पडला ते सिद्ध होत नाही. आता एकच गोष्ट बदलायची. कपडे सुलटे, पट्ट्या नाहीत. आपण सरळ पोचलो, की चकव्याचा प्रश्न निकालात."

"आणि नाही पोचलो तर?"

"पोचणारच. सुई मी दाखवली ना तुम्हाला?"

"सकाळची सुईपण तुम्हीच शिकवली होती, मॅडम."

ती हे उद्धटपणे म्हणाली नाही. हिशेब मांडल्यासारखं म्हणाली.

"संयोगिता, अगं, नाहीतर कारण कधीच कळणार नाही."

"नाही कळलं तर चालेल. पोचलं पाहिजे." तिनं स्कार्फचा उलटा वळसा घट्ट केला. "मॅडम, प्रयोग तुमचा आहे. परीक्षा आमची आहे."

ती वळली आणि मतदान घेतलं. पट्ट्या काढायच्या, आठ हात. कपडे उलटेच ठेवायचे, आठ हात. मग आठही जणी माझ्याकडे बघत राहिल्या. कुणी काही मागितलं नाही. मी दहा पावलं मागून येणार होते आणि माझी कमीज सुलटी होती.

आज मी मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या माणसाचा अहवाल मी परत पाठवते. त्या दुपारी मी टाकीमागे गेले. सकाळी कमीज उलटी केली होती तेव्हा मला कारण माहीत नव्हतं, म्हणून थोडी आशा तरी होती. आता कारण पूर्ण माहीत होतं. कमिजीच्या बाजूचा सुईशी काडीचाही संबंध नाही, हे त्या सड्यावर माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. मी कमीज उलटी केली, बटणं आतून लावली आणि बाहेर आले.

संयोगितानं माझी गणवेश तपासणी केली. खांदे, बाह्या, खिसे.

"ओढणी, मॅडम."

"ओढणीला उलटी बाजू नसते गं."

"काठाला असते."

मी ओढणी फिरवून घेतली. तिनं शिटी वाजवली.

चार वाजून बावीस मिनिटांनी आम्ही शाळेच्या फाटकात होतो. धुकं शेवटपर्यंत हललं नाही, सुई शेवटपर्यंत थरथरत होती, आणि पल्लवीनं वाटेत तिच्यावरून नजर एकदाही काढली नाही. आवटी सरांनी उभं राहून सॅल्यूट घेतला आणि मुस्कानकडून नोंदवही मागितली. वाचता वाचता ते एका ओळीवर थांबले. मला वाटलं पुन्हा काही चुकलं. त्यांनी वही माझ्यापुढे धरली, बोट ठेवलं, आणि खाली सही करून 'उत्तीर्ण' लिहिलं.

रकाना होता 'कॅप्टनने केलेली मदत'. मुस्काननं लिहिलं होतं, "मार्गाबाबत काही नाही. कपडे उलटे घातले."